शिस्त धरण्याची कसोटी : वणीच्या रणापासून पॉइंट टू टूपर्यंत

वणीच्या बाजारपेठेतून बाहेर पडून पाहिले की सातमाळ्याची रांग एका नजरेत मावत नाही. सप्तशृंगगड, त्याच्यासमोरचा मार्कंड्या, पुढे धोडप, आणि त्याही पुढे चांदवडच्या बाजूला कांचना. गडावरच्या अठरा हातांच्या देवीच्या प्रत्येक हातात काही ना काही आयुध आहे. बंदूक मात्र कुठल्याच हातात नाही. देवीचे ध्यान बंदुकीपेक्षा जुने, हे त्याचे साधे कारण. पण तिच्या गडाच्या छायेतल्या याच मुलखात १७ ऑक्टोबर १६७० रोजी जी लढाई झाली, तिच्यात बंदुका होत्या, आणि त्यांनी त्या दिवसाच्या निकालात आपला वाटा उचलला होता. 'वणी-दिंडोरीची लढाई' किंवा 'कांचनबारीची लढाई' या नावांनी आपण ती शाळेपासून ओळखतो. दुसऱ्यांदा सुरत लुटून परतणाऱ्या शिवाजी महाराजांनी दाऊदखान कुरेशीच्या मोगली फौजेला उघड्या मैदानात दिलेली ती झुंज.

या लढाईवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. तरी एक साधा प्रश्न बाजूलाच राहतो : त्या दिवशी झाडलेल्या बंदुकांचा नेम कितपत खरा होता? प्रश्न छंदिष्टाचा वाटेल. पण हत्याराची पारख नसेल तर त्या हत्याराविषयी साधनांत आलेल्या वाक्यांचा अर्थही हाती लागत नाही. 'बंदुकांनी शत्रूला रोखले' या वाक्याचा १६७० सालचा अर्थ वेगळा आणि आजचा वेगळा. तो फरक समजून घ्यायचा तर बंदुकीचा नेम तपासतात कसा, येथूनच सुरुवात करावी लागते. या लेखाचा प्रवास म्हणून थोडा आडवळणाचा आहे : वणीहून अकबराच्या कारखान्यात, तिथून इंग्लंडातल्या एका गणित्याकडे, मग एन.सी.सी.च्या मैदानावर, आणि शेवटी परत वणीला.

दोन साधने, दोन बाजू

प्रथम लढाई. ३ ऑक्टोबर १६७० ला महाराज सुरतेत शिरले आणि ५ तारखेला लूट घेऊन निघाले. परतीची वाट बागलाणातून, मुल्हेरच्या बाजूने होती. औरंगाबादेस असलेल्या शाहजादा मुअज्जमने बऱ्हाणपुराहून दाऊदखानाला बोलावून पाठलागावर धाडले. खान रात्री चांदवडला पोचला. मराठ्यांचे निम्मे सैन्य घाट उतरून नाशिकच्या वाटेला लागले आहे आणि निम्मे अजून खिंड धरून आहे, अशी बातमी हेरांनी आणली. खान मध्यरात्रीच निघाला. अंधारात त्याची फौज विस्कळीत झाली, आणि पहाटे आघाडीचा सरदार इखलासखान मियाना एका उंचवट्यावर चढला तेव्हा समोर मराठे लढाईच्या तयारीने उभे होते. मागच्या फौजेची वाट न पाहता त्याने हल्ला केला, जखमी होऊन घोड्यावरून पडला, आणि आघाडी मोडली.

या दिवसाची दोन मुख्य वर्णने आपल्यापाशी आहेत. एक भीमसेन सक्सेनाचे. हा मोगली नोकरीतला कारकून. दक्षिणेतल्या मोहिमा त्याने जवळून पाहिल्या, आणि 'तारीख-इ-दिल्कशा' हा फारसी ग्रंथ लिहिला. जदुनाथ सरकारांनी या लढाईची मांडणी मुख्यतः त्याच्याच आधारे केली. दुसरे कृष्णाजी अनंत सभासदाचे. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून १६९० च्या दशकात जिंजीस लिहिलेली ही बखर. सभासदाच्या वर्णनात महाराज स्वतः बखतर चढवून रणात आहेत, झुंज दोन प्रहर चालते, तीन हजार मोगल पडतात, तीन-चार हजार घोडे पाडाव होतात, दोन मोठे सरदार हाती लागतात.

भीमसेनाकडे चित्र वेगळे आहे. दक्षिणच्या तोफखान्याचा दरोगा मीर अब्दुल माबूद जमिनीच्या चढउतारामुळे मुख्य फौजेपासून तुटला. मराठ्यांनी त्याला गाठले, तो आणि त्याचा एक मुलगा जखमी झाला, दुसरा मुलगा पडला, निशाणे आणि घोडे गेले. हे तो लपवत नाही. पण दिवसभर बारगिरी पद्धतीने घिरट्या घालणाऱ्या मराठ्यांना बुंदेल्यांच्या पायदळाने आपल्या पुष्कळ बंदुकांच्या जोरावर दूर ठेवले, असेही तो नोंदवतो. संध्याकाळी एक हल्ला आला, तो परतवला गेला. रात्र मोगलांनी मैदानातच काढली, मेलेल्यांना पुरले, जखमींची देखभाल केली. दुसऱ्या दिवशी खान नाशिककडे गेला आणि तिथे महिनाभर थांबला. सुरतेची लूट तोवर सुखरूप पुढे गेली होती.

बुंदेल्यांच्या त्या बंदुकांवर आपल्याला थांबायचे आहे. दुपारभर त्यांनी घोडेस्वारांना अंतरावर ठेवले हे खरे मानले, तर ते नेमाने ठेवले की आवाजाने, धुराने आणि संख्येने?

तोड्याची बंदूक नेम का चुके

त्या काळची बंदूक तोडेदार. नळीच्या बुडाशी बाहेरून एक छोटी वाटी, जिला कान म्हणत. तिच्यात बारीक दारू. चापाला जोडलेल्या आकड्यात जळती जामगी. चाप ओढला की जामगी कानावर झुके, तिथली दारू पेटे, ज्वाळा छिद्रातून आत जाई, आणि मग मुख्य दारू धडके. ही साखळी लांब. चाप ओढणे आणि गोळी सुटणे यांत जाणवण्याजोगा वेळ जाई, आणि तेवढ्या वेळात हात हलला तर नेम गेला.

दुसरे कारण नळीत होते. जळलेल्या दारूची काजळी नळीत बसते, म्हणून गोळी गजाने सहज आत ढकलता यावी यासाठी ती नळीपेक्षा थोडी लहान ओतत. परिणाम असा की गोळी नळीतून सरळ येत नसे, या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत येई. शेवटची धडक ज्या बाजूला बसली, त्यावर बाहेर पडताना तिला कुठली गिरकी मिळणार ते ठरे. तिसरे कारण दारू. दर वेळी हाताने ओतलेली, कमीजास्त दमट, कमीजास्त भरड. एका बंदुकीच्या लागोपाठ दोन गोळ्यांचा वेग सारखा असण्याचे काही कारणच नव्हते.

नेमाच्या कसोटीची जाणीव मात्र तेव्हाही होती. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त बंदुकीवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. अकबराच्या कारखान्यात नळी तयार झाली की प्रथम तिच्यात एक तृतीयांशापर्यंत दारू भरून ती पेटवत. नळी टिकली तर पुढचे काम. मग नेम तपासत. गोळी सरळ जात नसेल तर नळी तापवून, आत लाकडी दांडा घालून ती सरळ करत. म्हणजे हत्यार आधी फुटते का हे पाहायचे आणि मग चुकते का हे पाहायचे, असा क्रम तेव्हाही पक्का होता. अकबराची आवडती बंदूक 'संग्राम'. तिने त्याने १,०१९ जनावरे मारल्याची नोंद अबुल फजल देतो. आकडा असा नेमका आहे की विश्वास ठेवावासा वाटतो. पण त्यात एक गोष्ट नाही : किती गोळ्या वाया गेल्या? लागलेल्या गोळ्या मोजणे ही कीर्ती झाली. कसोटीत न लागलेल्याही मोजाव्या लागतात.

गोळी वाकडी का जाते याचे शास्त्रीय उत्तर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मिळाले. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणित्याने १७४२ मध्ये तोफखान्याच्या नव्या तत्त्वांवर ग्रंथ लिहिला. जड लोलकावर गोळी मारून तो किती झुलतो त्यावरून तिचा वेग काढण्याची युक्ती त्याचीच. त्याचा आणखी एक प्रयोग मोठा बोलका आहे. त्याने एक नळी तोंडाशी डावीकडे वाकवली आणि वाटेत ठरावीक अंतरांवर कागदाचे पडदे उभे केले. गोळी निघाली डावीकडे, पण जाता जाता वळली उजवीकडे. वाकलेल्या तोंडाने तिला गिरकी दिली होती, आणि त्या गिरकीने हवेत तिची वाट वळवली होती. गिरकी टाळता येत नसेल तर ती आपणच ठरवून द्यावी, गोळीला तिच्या प्रवासाच्या रेषेभोवती फिरवावे, म्हणजे ती वळणार नाही. नळीत पेचदार आटे पाडण्याचे मर्म हेच. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारला.

म्हणून वणीच्या मैदानातला बुंदेला दीडशे पावलांवरच्या एका स्वाराला हेरून टिपत होता, असे चित्र काढणे चूक ठरेल. त्याची बंदूक तसे करायला लायकच नव्हती. एकदा झाडल्यावर पुन्हा भरायला मिनिटभर किंवा जास्त वेळ लागे. पण शंभर बंदुका एका दिशेने रोखलेल्या असल्या तर एकेकीचा नेम चुकला तरी घोळक्यात काही गोळ्या लागतातच. आणि ज्याचा घोडा हीच दौलत आहे त्या स्वाराला एवढी भीती पुरेशी असते. भीमसेन 'पुष्कळ' बंदुका म्हणतो, 'अचूक' म्हणत नाही. विशेषण नेमके आहे. हत्याराची पारख असली की साधनातले विशेषणही असे बोलू लागते.

शिस्त : एक शब्द

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. जुन्या मराठीत 'शिस्त धरणे', 'शिस्त बांधणे' म्हणजे नेम धरणे. शब्द फारसीतून आला, बंदुकीबरोबर मराठीत रुळला. आज आपण शिस्त म्हणतो ती शाळेतली, रांगेतली. बंदूक लोकांच्या हातून गेली, शब्द राहिला आणि त्याने दुसरे घर केले. पण नेमबाजाला विचाराल तर तो दोन्ही अर्थ एकच आहेत असे सांगेल.

बंदूक लोकांच्या हातून गेली तिला निमित्त अनेक, पण कायद्याने शिक्कामोर्तब झाले १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या शस्त्रास्त्र कायद्याने. परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा झाला. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. त्या ठरावांमागची वेदना हत्यार नसण्यापुरती नव्हती. जो समाज हत्यार वापरत नाही तो त्याची पारख विसरतो, आणि पारख विसरलेला समाज शूर पूर्वजांच्या गोष्टी सांगतो पण त्या तपासू शकत नाही. नाशिक जिल्ह्यात याचे उदाहरण रामशेजचे आहे. दिंडोरीच्या वाटेवरचा हा छोटा किल्ला १६८२ पासून काही वर्षे मोगलांना दाद देत नव्हता. खाफीखान सांगतो की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा मराठ्यांनी लाकडाची खोडे पोखरून, वरून कातडे मढवून तोफा केल्या आणि त्या डागल्या. आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो. पण तसली तोफ किती दारू सोसेल, किती बार टिकेल, गोळा टाकेल की नुसता आवाज करील, याची कसोटी घेण्याचे मनात येत नाही.

छोटे काडतूस

नेमबाजी सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली ती एका अगदी छोट्या काडतुसाने. पॅरिसच्या फ्लोबेरने १८४५ मध्ये घरात खेळण्याजोग्या बंदुकीसाठी असे काडतूस केले, की ज्यात पेट घेणारा मसाला तांब्याच्या टोपीच्या कडेतच असे. चापाचा दांडा कडेवर आपटला की ती चेपते आणि बार उडतो. म्हणून नाव रिमफायर, म्हणजे कडेवर पेटणारे. अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने १८५७ मध्ये .२२ इंच व्यासाचे असे काडतूस बाजारात आणले आणि १८८७ मध्ये त्याचे '.२२ लाँग रायफल' हे रूप ठरले. तेच आज जगभर चालते. आपल्याकडे सगळे त्याला पॉइंट टू टू म्हणतात.

बोअर युद्धात शेतकरी बोअरांच्या नेमापुढे इंग्रज शिपाई उघडे पडले. तेव्हा लॉर्ड रॉबर्ट्सने देशभर छोट्या बंदुकीच्या सरावाची चळवळ पुरस्कारली. हाच रॉबर्ट्स त्याआधी १८८५ ते १८९३ हिंदुस्थानात सरसेनापती होता. मोठ्या रायफलीच्याच सांगाड्यात .२२ ची नळी बसवायची, म्हणजे वजन, बोल्ट, दस्ता, माशी सारे तेच. फक्त गोळी स्वस्त, धक्का नाही, आणि पंचवीस यार्डांची भिंत पुरते. ली-एनफिल्डच्या अशा बंदुका स्वातंत्र्यानंतर एन.सी.सी.च्या शस्त्रागारात आल्या. एन.सी.सी.चा कायदा १९४८ चा. पुढे हुगळीकाठच्या ईशापूर रायफल कारखान्यातून .२२ च्या बोल्ट अॅक्शन बंदुका येऊ लागल्या. १८७८ नंतर जे हात रिकामे झाले होते, त्यांत सत्तर वर्षांनी कायद्याने पुन्हा बंदूक आली ती ही, खाकी गणवेशातल्या पोरापोरींच्या हाती, पाच गोळ्यांच्या हिशोबाने. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, पुढे लोकसभेचे पहिले सभापती. त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा आजही देशभरातल्या नव्या नेमबाजांची पहिली मोठी पायरी आहे.

माझ्या पाच गोळ्या

माझी स्वतःची पहिली कसोटी अशाच एका बंदुकीवर झाली. कॉलेजात एन.सी.सी.ला होतो. मातीच्या बांधासमोर पालथे पडून पाच गोळ्या मारायच्या होत्या. मारल्या. कागद आणून पाहतो तर मध्यावर एकही नाही. पाचही भोके डावीकडे खाली, एका रुपयाखाली झाकतील एवढी जवळ. मी ओशाळलो. हवालदारांनी कागद हातात घेतला, हसले, म्हणाले, "अरे, हा तर घट्ट ग्रुप आहे. नेम तुझा बरोबर आहे. माशी चुकलीये." शेजारच्या मुलाची एक गोळी मध्यावर आणि चार कागदभर होत्या, तो खुशीत होता. त्याच्याकडे बोट करून ते म्हणाले, "त्याची एक लागली ती नशिबाने. तुझ्या पाच चुकल्या त्या एका कारणाने. कारण सापडतं, नशीब सापडत नाही."

बंदुकीच्या कसोटीचे सारे शास्त्र या वाक्यात आहे. चूक दोन जातींची असते. एक नेहमी एकाच बाजूला ओढणारी. ती माशी सरकवून दुरुस्त होते. दुसरी इकडेतिकडे विखुरणारी; ती हत्यारात, काडतुसात किंवा माणसात मुरलेली असते, आणि दुरुस्त होत नाही, फक्त कमी करता येते.

नवी बोल्ट अॅक्शन .२२ रायफल हाती आली की जाणकार माणूस म्हणून आधी मध्याकडे पाहतच नाही. बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची, म्हणजे माणसाचा थरथरता हात हिशोबातून जवळजवळ वजा होतो. दस्त्याचे स्क्रू सारखे आवळलेले आहेत ना, बोल्ट घट्ट बसतो ना हे पाहायचे. स्वच्छ नळीतून सुरुवातीच्या काही गोळ्या तशाच सोडायच्या, कारण नळीला शिशाचा आणि मेणाचा लेप बसेपर्यंत त्या भरकटतात. मग ५० मीटरवर दहा-दहा गोळ्यांचे गट मारायचे. काडतूस बदलायचे तर फक्त काडतूस बदलायचे. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की फरक कशाने पडला ते कळत नाही. रिमफायरचे काडतूस घरी भरता येत नाही, त्यामुळे कारखान्यातून आले तसे वापरावे लागते. एकाच ब्रँडच्या दोन खेपांत फरक पडतो आणि एका बंदुकीला मानवलेली खेप दुसरीला मानवत नाही. मोठ्या स्पर्धांचे नेमबाज म्हणून आपल्या नळीसाठी खेप निवडून घेतात.

दहाच का, तीन गोळ्या का नाहीत? येथे थोडे गणित आहे. विखुरणे तेच असले तरी जितक्या जास्त गोळ्या, तितके टोकाच्या दोन भोकांतले अंतर वाढत जाते. ज्या बंदुकीचे तीन गोळ्यांचे गट सरासरी १० मिलिमीटरचे येतात, तिचे दहा गोळ्यांचे गट सरासरी १६ मिलिमीटरच्या आसपास येणार. बंदूक तीच, फक्त तिने खरे सांगायला वेळ घेतला. तीन गोळ्यांचा सुंदर गट खिशात घालून मित्रांना दाखवणारा माणूस खोटे बोलत नसतो, त्याने कसोटी लवकर थांबवलेली असते. एखादी गोळी भलतीकडे गेली की 'ही धरू नका, माझा हात हलला' म्हणण्याचा मोहही असाच. हात हलला हे गोळी सुटण्याआधी म्हटले तर खरे. भोक पाहून म्हटले तर वकिली.

आणि १६ मिलिमीटर म्हणजे किती? ५० मीटरच्या ऑलिम्पिक लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. गोळी ५.६ मिलिमीटरची. भोकाची कड वर्तुळाला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे गोळीचा मध्य १६ मिलिमीटरच्या वर्तुळात पडला पाहिजे. वर सांगितलेली बंदूक तेवढी जागा स्वतःच व्यापून टाकते. माणसाला चुकायला जागाच उरत नाही. वाटेत गोळीला ५० मीटर जायला सेकंदाच्या सहाव्या भागाइतका वेळ लागतो आणि तेवढ्यात ती सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. वारा बाजूला ढकलतो ते वेगळेच.

नाशिकहून शातोरूपर्यंत

या कसोटीला उतरलेल्यांची महाराष्ट्रात एक परंपरा आहे. अंजली भागवत यांची सुरुवात मुंबईत कॉलेजच्या एन.सी.सी.तून झाली आणि २००० साली सिडनीत त्या एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या. दीपाली देशपांडे २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये खेळल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुणांनी जगज्जेत्या झाल्या. त्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, नेमबाजीकडे वळला, आणि त्याची घडण नाशिकमध्ये सुरू झाली. पुढे त्याला दीपाली देशपांडे यांचे मार्गदर्शन लाभले. १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस ऑलिम्पिकच्या शातोरू येथील मैदानावर, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात त्याने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

आकड्याकडे पुन्हा पाहावे. ४४ गोळ्यांत ४५१.४, म्हणजे प्रत्येक गोळीमागे सरासरी १०.२६. गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून. पात्रता फेरीत ६० गोळ्यांत ५९० गुण होते. यात एखाद्या सुंदर गोळीची गोष्ट नाही. चव्वेचाळीस वेळा तोच श्वास, तोच गाल दस्त्यावर, तोच चाप. शिस्तीचे दोन अर्थ येथे पुन्हा एकत्र येतात.

परत खिंडीकडे

आता वणीकडे परतू. लढाईची वर्णने हीसुद्धा कागदावरची भोकेच आहेत. सभासदाची बखर जिंजीत, मराठी राज्य जिवावर उदार होऊन लढत असताना, राजाराम महाराजांसाठी लिहिलेली. तिची माशी कोणत्या बाजूला सरकलेली असणार हे आपल्याला ठाऊक आहे. भीमसेनाची माशी दुसऱ्या बाजूला : मोगली शिपायांचे धैर्य त्याला सांगायचे आहे, शेवटचा हल्ला परतवला हे त्याला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे इतिहासावरचे वाद बहुधा असे होतात, की एका बाजूचे लोक सभासदाचा तीन हजारांचा आकडा छातीशी धरतात आणि दुसऱ्या बाजूचे 'बखरच ती' म्हणून तिला केराची टोपली दाखवतात. हवालदारांनी दोघांनाही नापास केले असते. एका बाजूला ओढणारे साधन टाकाऊ नसते. त्याचा ओढा किती ते काढून ते वापरायचे असते. खरे टाकाऊ ते, ज्याचा ओढा कुठे आहे हेच कळत नाही.

मग दोन्ही माशा उलट्या बाजूंना सरकलेल्या असूनही ज्या ठिकाणी दोघांच्याही गोळ्या पडतात, ते ठिकाण मध्याच्या जवळचे धरावे. तिथे काय आहे? मोगलांची हानी मोठी होती. त्यांचे नामांकित सरदार घायाळ झाले. दिवस लांब आणि झुंज मैदानातली होती. आणि मराठे आपल्या मनाने गेले, कोणी त्यांना हाकलले नाही. त्यानंतरचा महिनाभराचा नाशिकचा मुक्काम हे याच निष्कर्षाला टेकू देणारे तिसरे भोक. मेलेल्यांचा आकडा मात्र एकाच हाताने मारलेली एक गोळी आहे. ती मध्यावर लागलीही असेल. पण तिच्यावरून माशी सरकवू नये.

बुंदेल्यांच्या बंदुकांचेही तसेच. त्यांनी मराठ्यांना रोखले हे भीमसेनाचे म्हणणे हत्याराच्या पारखीशी जुळते, म्हणून ते मानायला हरकत नाही. पण त्यांनी काय रोखले? फौजेचा उरलेला गाभा वाचवला, इतकेच. मराठ्यांना त्या गाभ्यावर तुटून पडण्याची गरजच नव्हती. सुरतेचे धन लादलेली जनावरे घाट उतरत होती आणि त्यांना वेळ हवा होता. मराठ्यांचा नेम त्या दिवशी दाऊदखानाच्या छावणीवर नव्हता, कोकणच्या वाटेवर होता, आणि तो लागला. हे एकदा ध्यानात आले की भीमसेनाचा 'हल्ला परतवला' आणि सभासदाचा 'फत्ते झाली' यांत विरोध उरत नाही. दोघे दोन वेगळ्या लक्ष्यांवरचे गुण मोजत आहेत.

आज वणीच्या परिसरात द्राक्षबागांच्या हंगामात पाखरे हाकायला बार काढतात. डोंगरातून त्याचा आवाज घुमून परत येतो. तो ऐकताना मला दर वेळी वाटते, की त्या दिवशीच्या लढाईतला आवाज आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. कागद आणून त्यावरची भोके मोजण्याचे काम अजून बरेच बाकी आहे. त्यासाठी फार मोठी विद्या लागत नाही. दहा गोळ्या मारायची चिकाटी लागते, आणि भलतीकडे गेलेली गोळीसुद्धा मोजण्याचा प्रामाणिकपणा लागतो.